सदुसष्ट घरांचा पट

बुद्धिबळाच्या पटाची ती जुनी गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी आजोबांच्या नाहीतर एखाद्या हौशी मास्तरांच्या तोंडून ऐकलेली असते. राजा नव्या खेळावर खूष होतो आणि ‘हवे ते माग’ म्हणतो. खेळ शोधणारा तो साधासा दिसणारा गृहस्थ म्हणतो, ‘महाराज, पटाच्या पहिल्या घरात एक दाणा ठेवा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दर घराला दुप्पट करीत चौसष्टाव्या घरापर्यंत जा, म्हणजे झाले.’ राजा हसतो. मग कोठाराचा कारभारी हिशेबाला बसतो आणि थोड्याच वेळात हसू मावळते. दाणे एकूण १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ होतात. तांदळाचा एक दाणा २५ मिलिग्रॅमचा धरला, आणि साऱ्या जगात वर्षाकाठी पन्नास-बावन्न कोटी टन तांदूळ निघतो हे लक्षात घेतले, तर हे नऊशे वर्षांचे पीक झाले.

गोष्ट येथे संपते आणि मुले झोपी जातात. मला आज ती फक्त तीन घरे पुढे न्यायची आहे.

समजा, त्या पटाला ६४ ऐवजी ६७ घरे असती. मग दाणे झाले असते १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. नऊशे वर्षांचे पीक आता सात हजार वर्षांचे झाले. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एक, दश, शतपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. ही संख्या एकवीस अंकी, म्हणजे परार्धाचे घर ओलांडून आणखी तीन घरे पलीकडे जाऊन बसलेली. पण तिच्या थोरपणाचे मला विशेष कौतुक नाही. तिच्याहून मोठी संख्या कोणीही पुढे एक शून्य मांडून तयार करील. या संख्येचे वैशिष्ट्य निराळे आहे. तिच्याविषयी एका साध्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मिळायला २५९ वर्षे लागली, आणि त्यांतली शेवटची २७ वर्षे फार विलक्षण होती.

प्रश्न असा : हे दाणे काही माणसांत सारखे वाटता येतील का? एकही दाणा शिल्लक राहता कामा नये, आणि दाणाही फोडायचा नाही. एकट्यानेच सगळे घ्यावेत किंवा दर माणशी एकच दाणा द्यावा, ही वाटणी आपण वाटणी मानणार नाही. ज्या संख्येची अशी वाटणी होत नाही ती मूळ संख्या, हे शाळेतले सारे जाणतात. ७ मूळ आहे, १३ मूळ आहे. १५ नाही, कारण तिघांना पाच-पाच येतात.

चौसष्ट घरांच्या पटाचे उत्तर चटकन देता येते. घरांच्या जोड्या लावा. पहिल्या जोडीत १ आणि २ मिळून ३ दाणे, दुसरीत ४ आणि ८ मिळून १२, तिसरीत १६ आणि ३२ मिळून ४८. प्रत्येक जोडी तिघांत वाटली जाते, म्हणून सगळा ढीगही तिघांत वाटला जातो. चार-चार घरांचे गट केले तर प्रत्येक गटाला १५ ने भाग जातो, म्हणजे पाचजणांचीही सोय झाली. थोडक्यात, घरांचेच सारखे गट पडत असतील तर दाण्यांची वाटणी आपोआप होते. राजाचा तो भयंकर आकडा प्रत्यक्षात भुसभुशीत निघतो : त्याचे ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७ आणि ६७००४१७ असे सात तुकडे पडतात.

ज्या पटाच्या घरांचे गटच पडत नाहीत, म्हणजे घरांची संख्याच मूळ आहे, तिथे खरी गंमत सुरू होते. दोन घरे असली तर ३ दाणे, तीन असली तर ७, पाच असली तर ३१, सात असली तर १२७. साऱ्या मूळ संख्या! कोणालाही मोह व्हावा की, घरे मूळ तर दाणेही मूळ. पण अकरा घरांशी हा मोह उतरतो. अकरा घरांत २०४७ दाणे होतात, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. तेरा, सतरा आणि एकोणीस घरांना पुन्हा मूळ संख्या येतात, तेवीस घरांना पुन्हा फजिती. नियम सापडेसे वाटते आणि सापडत नाही.

या दाण्यांच्या मागे शहाणीसुरती माणसे का लागली, याचे उत्तर युक्लिडकडे आहे. ६ या संख्येला १, २ आणि ३ यांनी भाग जातो, आणि त्यांची बेरीज पुन्हा ६. तसेच २८ चे : १, २, ४, ७ आणि १४ मिळून २८. अशा संख्यांना परिपूर्ण म्हणतात. युक्लिडने दाखवून दिले की, पटावरच्या एकूण दाण्यांची संख्या मूळ असेल, तर तिला शेवटच्या घरातल्या दाण्यांनी गुणताच एक परिपूर्ण संख्या हाती येते. तीन घरे घ्या : सात दाणे, शेवटच्या घरात चार, चोक सात अठ्ठावीस.

पॅरिसमध्ये सतराव्या शतकात मारँ मर्सेन नावाचे एक धर्मोपदेशक होते. युरोपभरच्या विद्वानांशी यांचा पत्रव्यवहार. एकाचा शोध दुसऱ्याला कळायचा तो पुष्कळदा यांच्या टपालातून. १६४४ साली त्यांनी एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत बेधडक लिहून टाकले की, २५७ घरांपर्यंतचे पट घेतले तर २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढ्याच घरांना मूळ संख्या येतात. हे त्यांना कळले कसे, ते त्यांनी सांगितले नाही. एवढे गुणाकार-भागाकार त्यांनी केले असणे शक्यच नव्हते. यादी अर्धी विद्येची आणि अर्धी अंदाजाची होती, असेच म्हटले पाहिजे. पण नाव मोठे, आणि तपासण्याचे काम त्याहून मोठे. त्यामुळे यादी चालत राहिली. ३१ घरांचा दावा खरा आहे हे ऑयलर यांनी १७७२ मध्ये सिद्ध केले, तेव्हा यादीची पत आणखीच वाढली. सदुसष्ट घरांकडे मात्र कोणी वळेना.

पहिला धक्का १८७६ मध्ये बसला. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञांनी जाहीर केले की, ६७ घरांची संख्या मूळ नाही, तिची वाटणी होते. कितीजणांत होते? ते सांगता येत नाही!

येथे वाचक थबकेल, आणि त्याने थबकावेच. वाटणी होते असे म्हणायचे, आणि कितीजणांत ते विचारले की हात वर करायचे, हा कुठला न्याय? पण बाजारात मडके घेताना आपण काय करतो? बोटाने वाजवून पाहतो. आवाज खणखणीत आला तर घ्यायचे, बद्द आला तर परत ठेवायचे. तडा कुठे गेला आहे ते दिसावे लागत नाही. ल्युका यांनी संख्या वाजवून पाहण्याची युक्ती शोधून काढली होती. पुढे १९३० साली डी. एच. लेमर यांनी ती अधिक सुटसुटीत केली, आणि त्या रूपात ती घरी करून पाहण्याजोगी आहे.

४ हा आकडा घ्या. त्याचा वर्ग करून २ वजा करा. आलेल्या संख्येला पटावरच्या एकूण दाण्यांनी भागा आणि बाकी तेवढी ठेवा. त्या बाकीचे पुन्हा तेच : वर्ग, वजा २, भागाकार, बाकी. घरांच्या संख्येहून दोन कमी इतक्या वेळा हे करायचे. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ. दुसरे काही आले तर नाही. (घरांची संख्या मूळ आणि दोनाहून मोठी असावी, एवढीच अट.) पाच घरांचा पट घेऊ : दाणे ३१, खेपा तीन. पहिल्या खेपेस १६ वजा २ म्हणजे १४. दुसरीस १९६ वजा २ म्हणजे १९४, त्याला ३१ ने भागून बाकी ८. तिसरीस ६४ वजा २ म्हणजे ६२, बाकी शून्य. मडके पक्के! आता अकरा घरांचा पट : दाणे २०४७, खेपा नऊ. बाक्या अनुक्रमे १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ आणि शेवटी १७३६. शून्य नाही, म्हणजे मडके तडकलेले. या साऱ्या खटाटोपात २३ आणि ८९ यांचे दर्शन कुठेही झाले नाही, हे लक्षात ठेवा. सदुसष्ट घरांसाठी वीस-वीस, एकवीस-एकवीस अंकी संख्यांचे वर्ग पासष्ट वेळा करावे लागतात.

हे ल्युका मोठे खेळकर गृहस्थ होते. तीन खुंट्या आणि लहानमोठ्या तबकड्यांचा ‘हनोईचा मनोरा’ हा खेळ त्यांनी १८८३ मध्ये काढला. त्याच्याभोवती काशीच्या देवळातल्या चौसष्ट सोन्याच्या तबकड्यांची एक कपोलकल्पित कथाही गुंफली गेली. त्या खेळातही सदुसष्ट तबकड्या हलवायला लागणाऱ्या खेळ्या मोजल्या तर हीच आपली एकवीस अंकी संख्या येते. त्याच १८७६ साली त्यांनी मर्सेन यांचा १२७ घरांचा दावा मात्र खरा ठरवला. ती ३९ अंकी संख्या पाऊणशे वर्षे माणसाला ठाऊक असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती.

मर्सेन यांची यादी तपासून पुरी व्हायला १९४७ साल उजाडले. पाच चुका निघाल्या. ६७ आणि २५७ ही घरे नको होती. ६१, ८९ आणि १०७ ही राहून गेली होती. ६१ चा शोध १८८३ चा. त्यावरून काहींनी असा तर्क लढवला की, मर्सेन यांनी ६१ च लिहिले असेल, छापखान्यात त्याचे ६७ झाले. मुद्राराक्षसाच्या माथी खापर फोडण्याची सोय सगळ्याच देशांत आहे. मला हे काही पटत नाही. ज्या यादीत आणखी चार चुका आहेत, तिच्यातल्या पाचव्या चुकीपुरता बिचाऱ्या खिळे जुळाऱ्याला कशाला ओढायचे?

ल्युका यांच्यानंतर सत्तावीस वर्षे ही संख्या अशा अवघडलेल्या स्थितीत होती. ती फुटते हे कळले होते, पण फोडून कोणी दाखवली नव्हती. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन गणित परिषदेची सभा भरली. परिषदेचे चिटणीस फ्रँक नेल्सन कोल यांच्या निबंधाचा विषय होता मोठ्या संख्यांचे अवयव पाडणे. पुढची हकीगत ई. टी. बेल यांनी सांगितलेली आहे. कोल उठले, फळ्याकडे गेले आणि एक अक्षर न बोलता त्यांनी २ चा ६७ वा घात मांडला, त्यातून १ वजा केला. मग फळ्याच्या मोकळ्या भागात दोन संख्या लिहिल्या, १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७, आणि त्यांचा गुणाकार शाळेतल्या पद्धतीने, ओळीखाली ओळ, पुरा केला. दोन्हीकडची उत्तरे जुळली. खडू ठेवून ते तसेच न बोलता जागेवर येऊन बसले, आणि सभेने टाळ्या वाजवल्या. एकानेही प्रश्न विचारला नाही.

बेल यांना गोष्ट रंगवून सांगण्याची हौस होती, आणि १९०३ साली ते कॅलिफोर्नियात शिकत होते. तेव्हा शांततेचा आणि टाळ्यांचा भाग थोडा हातचा राखून घ्यावा. गुणाकाराबद्दल मात्र कोणाची साक्ष काढण्याची गरज नाही. तो आपल्यालाच करून पाहता येतो.

मी तो करून पाहिला. पाठकोरा कागद आडवा धरला, मोठी संख्या वर आणि लहान खाली मांडली. लहान संख्येत एक शून्य आहे म्हणून आठच ओळी. पाऊण तास लागला, आणि उत्तर चुकले. पुन्हा केला, दुसऱ्या खेपेस जुळले. पहिल्या खेपेची चूक सापडली ती नवाच्या ताळ्याने. नव्या पिढीला ताळा ठाऊक असेलच असे नाही, म्हणून सांगतो. संख्येतल्या अंकांची बेरीज करायची, आलेल्या बेरजेच्या अंकांची पुन्हा बेरीज, अशी एक अंक उरेपर्यंत. १९,३७,०७,७२१ ची बेरीज ३७, तिची १०, तिची १. दुसऱ्या संख्येची ६४, तिची १०, तिची १. एके एक, तेव्हा गुणाकाराचीही बेरीज शेवटी १ यायला हवी. आपल्या एकवीस अंकांची बेरीज १०९, तिची १०, तिची १. आली! माझ्या पहिल्या कागदावर ५ येत होते. हातचा एके ठिकाणी दोनदा धरला गेला होता. दोन अंकांची अदलाबदल झाली तर ती नवाच्या ताळ्यात सापडत नाही, म्हणून जुने लोक अकराचाही ताळा घेत. तोही मी घेतला. दोन्हीकडे ६ आले.

म्हणजे पाहा, खरेखोटे ठरवायला माझ्यासारख्याला, चुकत-माकत का होईना, दीड तास पुरला. शोधून काढायला कोल यांना किती लागला? बेल यांनी हा प्रश्न त्यांना १९११ मध्ये विचारला होता. उत्तर मिळाले : तीन वर्षांचे रविवार.

मी जरा हिशेब केला, आणि मला तीन वर्षे फार वाटण्याऐवजी फार थोडी वाटू लागली. फर्मा यांनी १६४० मध्येच मर्सेन यांना एक नियम कळवला होता : मूळ संख्येइतकी घरे असलेल्या पटाच्या दाण्यांना जी मूळ संख्या भागते, तिच्यातून १ काढला तर उरलेल्याला घरांच्या संख्येने भाग जातो. अकरा घरांचे पाहा : २३ मधून १ काढला की २२, ८९ मधून काढला की ८८. म्हणून सदुसष्ट घरांसाठी १३४ च्या पाढ्यातली संख्या अधिक १ एवढेच उमेदवार. दुसऱ्या एका जुन्या नियमाने त्यांतले निम्मे बाद होतात. कोल यांचा लहान अवयव या १३४ च्या पाढ्यात १४,४५,५८० व्या जागी आहे. निम्मे गाळले तरी सव्वासात लाख उरले. ३, ५ आणि ७ यांनी भाग जाणारे काढून टाकले तरी तीन लाखांच्या वर. एकेका भागाकाराला दहा मिनिटे आणि दर रविवारी आठ तास धरले, तर सव्वाशे वर्षे होऊन जातात. कोल यांनी तेवढे भागाकार केले नाहीत. काही ठराविक लहान संख्या अशा काढता येतात की, आपल्याला हव्या असलेल्या अवयवाने भागले असता त्या कोणत्या ना कोणत्या वर्गाची बाकी म्हणून आल्याच पाहिजेत. अशी प्रत्येक संख्या ही एक चाळण. पहिल्या चाळणीत निम्मे उमेदवार गळतात, दुसरीत उरलेल्यांतले निम्मे. दहा चाळण्या झाल्या की हजारात एखादाच वर राहतो. चाळण्या विणण्यातच त्यांचे बरेच रविवार गेले असावेत. त्या रविवारी घरी जेवायला किती वाजता बसत, हे बेल यांनी विचारले नाही.

शोधायला वर्षे आणि पडताळायला घटका, या विषम हिशेबावर पुढे एक धंदाच उभा राहिला. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी गुप्त निरोपांचे एक कुलूप तयार केले. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार चारचौघांत जाहीर करायचा आणि त्या दोन संख्या आपल्याजवळ ठेवायच्या. इंटरनेटवरच्या देवघेवीत या जातीची कुलपे फार वापरली गेली. त्याच वर्षी त्यांनी १२९ अंकी एक संख्या फोडायला दिली आणि शंभर डॉलरांचे बक्षीस लावले. ती फुटली १९९४ मध्ये, सुमारे सहाशे हौशी लोकांनी आपापले संगणक एकत्र जुंपल्यावर. कोल यांची एकवीस अंकी संख्या आजचा संगणक डोळ्याचे पाते लवायच्या आत फोडतो.

कोल १९२६ मध्ये वारले. त्यांच्या नावाने अमेरिकन गणित परिषद अंकशास्त्रातील उत्तम कामासाठी पारितोषिक देते. २०११ साली ते ज्या दोघांना विभागून मिळाले, त्यांतले एक मुंबईत जन्मलेले चंद्रशेखर खरे.

सुटीत कोणाला रविवार रिकामा मिळाला, तर त्याच्यासाठी एक पट अजून मांडून ठेवलेला आहे. त्याला १२७७ घरे आहेत. दोन घरे जास्त असती, म्हणजे १२७९, तर दाण्यांची संख्या मूळ आली असती. ते १९५२ मध्येच संगणकाने दाखवले. १२७७ घरांचे दाणे ३८५ अंकी आहेत, आणि वाजवून पाहिले तर आवाज बद्द येतो. वाटणी होते, यात शंका नाही. कितीजणांत होते, ते कोणालाही अजून सांगता आलेले नाही.